डॉल्गेथ्लाय ते बार्मथ पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. उन्हाळा आला की कुणाचे तरी आईबाबा भारतातून येतात, आणि मग विचारणा होते: "तुम्ही ते वेल्समध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत गेला होतात ना, आम्हाला सांगा." दरवेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवलं आहे.

ही दोन गावं नेमकी कुठे आहेत? आणि नाव कसं म्हणायचं?

दोन्ही वायव्य वेल्समध्ये, ग्विनेथ परगण्यात. डॉल्गेथ्लाय हे काळ्या-करड्या दगडी घरांचं जुनं बाजारगाव, कॅडर इद्रिस या ८९३ मीटर उंच डोंगराच्या पायथ्याशी. बार्मथ समुद्रावर. वेल्शमध्ये त्याला 'अबेरमाउ' किंवा नुसतं 'अ बेर्मो' म्हणतात. दोन्हींच्या मध्ये माउदाख नदीची लांबलचक खाडी आहे, आणि आपली वाट तिच्याच काठानं जाते.

'डॉल्गेथ्लाय'मधला 'थ्ल' हा खरं तर देवनागरीत न मावणारा आवाज. जीभ 'ल' म्हणायला टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही कडांनी हवा सोडायची. आपल्याला 'ळ' येतो म्हणून हा सहज जमेल असं मला वाटलं होतं. जमला नाही. पण बस ड्रायव्हरला कळतं, आणि प्रयत्न केल्याचं त्यांना बरं वाटतं.

फोनवरचा नकाशा रस्त्यानं जायला सांगतो. त्यानं का नाही जायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि हे पान लिहिण्याचं कारणही हाच.

खाडीच्या उत्तरेकडून ए ४९६ रस्ता जातो, दक्षिणेकडून ए ४९३. दोन्ही जुने, वळणावळणाचे. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला झाडी किंवा खाली पाणी. लांबच्या लांब पट्ट्यांत फुटपाथ नाही, आणि कडेला उभं राहायला पाऊलभर गवतही नाही. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आली, हे खरं आहे. पण ती दिव्यांच्या खांबांच्या वस्तीपुरती. गाव संपलं आणि वेगळी पाटी नसली, की अशा रस्त्यावर कायद्यानं ताशी ६० मैलांपर्यंत जाता येतं. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसता तेव्हा ती तुमच्यापाशी आलेलीच असते.

पहिल्या वर्षी आम्ही हा धडा रस्त्यावरच शिकलो. फोननं निळी रेघ काढून दिली, आम्ही विश्वासानं निघालो. दहाव्या मिनिटाला भिंतीला पाठ लावून उभे होतो आणि समोरून काँक्रीटचा मिक्सर येत होता. बायको म्हणाली, "हे चालणं नाही, हे वाचणं आहे." परत फिरलो.

गंमत म्हणजे रस्त्यानं गेल्यावर अंतर वाचतं असंही नाही. रस्ता आणि पायवाट यांच्यात फारसा फरकच नाही. फोनला 'चालण्याचा मार्ग' विचारला की तो जोडलेली रेघ शोधतो. तिथे फुटपाथ आहे का, हे तो पाहीलच असं नाही. म्हणून दोन वेल्श गावांमधली कुठलीही वाट आखताना मी आधी तीन गोष्टी शोधतो: बंद पडलेली रेल्वे, कालव्याचा काठ आणि नदीकाठची नोंदलेली पायवाट. यांपैकी एक जरी मिळाली, तरी निम्मं काम झालं.

मग इथे काय मिळालं?

बंद पडलेली रेल्वे.

रुआबनहून बार्मथकडे येणारा लोहमार्ग जानेवारी १९६५ मध्ये बंद झाला. रूळ गेले, भराव राहिला. खाडीच्या दक्षिण काठानं जाणाऱ्या या भरावावर आज 'माउदाख ट्रेल' आहे. डॉल्गेथ्लाय ते बार्मथ साधारण १५ किलोमीटर, जवळजवळ पूर्ण सपाट. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, त्याचा फायदा आपल्या गुडघ्यांना. सायकलवाल्यांचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ८ इथूनच जातो, त्यामुळे मागून घंटी वाजली की डावीकडे सरकायचं.

सुरुवात डॉल्गेथ्लायच्या मोठ्या पुलाजवळच्या मारियन वाहनतळापासून. तिथून थोडा वेळ व्निऑन नदीची सोबत असते. ही नदी पुढे माउदाखला मिळते. सुमारे चार किलोमीटरवर पेनमाइनपूल. इथे जुन्या स्टेशनाची सिग्नल केबिन अजून उभी आहे, पाण्याकाठी एक जुनं हॉटेल आहे आणि खाडीवर १८७९ चा लाकडी टोल पूल आहे. या टोल पुलावरून जायचं नाही. तो गाड्यांना उत्तरेच्या रस्त्यावर नेतो, आणि आपण तर तोच रस्ता टाळायला निघालो आहोत. पेनमाइनपूलपाशी वाट गाड्यांच्या येण्याजाण्याच्या जागेतून जाते. लहान मुलांचे हात इथे धरा.

त्यानंतरचा पट्टा सगळ्यात लांब आणि सगळ्यात सुंदर. उजवीकडे खाडी रुंदावत जाते. ओहोटी असेल तर रेतीचे सोनेरी कट्टे, भरती असेल तर पाणी अगदी भरावाला लागलेलं. डावीकडे ओकची झाडी, मग आर्थॉगची दलदल, जिचा काही भाग पक्षीसंवर्धन संस्थेनं राखलेला आहे. बगळे, पाणकावळे, लाल चोचीचे कालवफोडे हमखास दिसतात. इथे मध्ये दुकान नाही, घर नाही, गावात शिरायची सोपी वाटही जवळजवळ नाही. जे काही ठरवायचं ते पेनमाइनपूललाच ठरवून पुढे निघा.

मग मॉर्वा माउदाख स्टेशन येतं. तिथून खाडीवरचा लाकडी रेल्वे पूल, आणि पलीकडे बार्मथ.

किती वेळ धरावा?

सपाटीवर ताशी पाच किलोमीटर हा जुना हिशोब. त्यानं तीन तास होतात. तो हिशोब न थांबणाऱ्या माणसाचा आहे. फोटो, चहा, डबा, "ते बघ ते बघ" धरून आम्हाला पाच तास लागले. आईबाबा बरोबर असतील तर सहा धरा.

सुरुवात कुठल्या टोकाकडून करावी?

मुक्काम बार्मथला, सकाळी बसनं डॉल्गेथ्लायला आणि तिथून चालत परत. माझं मत ठाम आहे.

कारण साधं. चालण्याच्या शेवटी बस पकडायची असेल तर सगळा दिवस घड्याळ डोक्यावर बसतं. कुणाचा पाय दुखला तर विश्रांती घ्यायची चोरी होते, आणि माणसं नेमकी तेव्हाच घाईत चुकतात. उलट सकाळीच बस उरकून टाकली की पुढचं सगळं तुमच्या सोयीनं. शेवटी खोलीची किल्ली खिशात असते.

उलट बाजूनं चालणाऱ्यांचाही एक मुद्दा आहे: इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे बार्मथहून निघालं तर तो पाठीशी राहतो. जोराचा वारा सांगितला असेल त्या दिवशी मीही त्यांचं ऐकेन.

बस आणि ट्रेनचं काय?

डॉल्गेथ्लायला १९६५ पासून ट्रेन नाही. बार्मथला आहे. दोन्ही गावांना जोडणारी बस म्हणजे रेक्सम ते बार्मथ धावणारी टी ३. डॉल्गेथ्लायमध्ये ती एल्डन स्क्वेअर या मुख्य चौकात थांबते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात. वेळापत्रक 'ट्रॅव्हललाइन कम्री'वर आदल्या रात्री पाहा. मागच्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

बर्मिंगहॅमकडून येणाऱ्यांसाठी ट्रेनबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गाडी मखंथ्लेथला दुभंगते. काही डबे ॲबरिस्टविथला जातात, काही किनाऱ्यानं पुथ्लहेलीकडे. बार्मथ पुथ्लहेलीच्या वाटेवर आहे. चुकीच्या डब्यात गाढ झोपलात तर समुद्र दिसेल, पण दुसऱ्या गावाचा. गाडीत घोषणा होते, डब्यातल्या पाटीवरही येतं. तरी शंका आली तर गार्डला विचारा. किनाऱ्याच्या मार्गावर गाड्या साधारण दोन तासांनी एक, त्यामुळे चुकलेली गाडी महागात पडते. प्रवासच चार तासांच्या आसपासचा, तेव्हा एका दिवसात जाऊन-चालून-येणं हा विचार सोडून द्या. एक रात्र राहा.

बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

चढ नाही, म्हणून श्वासाचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो अंतराचा. रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारणारा माणूस १५ किलोमीटर चालू शकेलच असं नाही, आणि सपाट वाटेवर तळपाय आणि कंबर जास्त बोलतात, कारण पाऊल एकसारखंच पडत राहतं.

म्हणून वाट आखताना 'सुटायच्या जागा' आधी ठरवा. इथे दोन आहेत. पहिली पेनमाइनपूल. चार किलोमीटर झाले, दम लागला, तर इथून परत डॉल्गेथ्लाय गाठता येतं किंवा टॅक्सी बोलावता येते. टॅक्सीवाल्याचा नंबर सकाळीच, बसमध्ये चढण्याआधी घेऊन ठेवा, लहान गावात रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळत नाही. दुसरी मॉर्वा माउदाख. तिथून ट्रेननं पूल ओलांडून थेट बार्मथला उतरता येतं. हे 'विनंती थांबा' असलेलं स्टेशन आहे: गाडी दिसली की फलाटावर पुढे उभं राहून ड्रायव्हरला दिसेल असा हात करायचा. नाही केला तर गाडी निघून जाते, आणि पुढची दोन तासांनी.

ज्यांना एवढंही नको, त्यांनी बार्मथहून पूल ओलांडून मॉर्वा माउदाखपर्यंत जाऊन परत यावं. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत-बाहेर. सगळ्या वाटेतलं उत्तम दृश्य त्यातच आहे. माझ्या सासूबाईंनी एवढंच केलं आणि वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

ओहोटीच्या वेळी रेतीवरून सरळ पलीकडे जाता येईल का?

नाही.

हा प्रश्न कोकणातले लोक हमखास विचारतात, कारण त्यांनी लहानपणी खाड्या तुडवलेल्या असतात. माउदाखची रेती लांबून टणक दिसते. तिच्यामधून पाण्याचे प्रवाह जागा बदलत वाहतात, मऊ जागा कुठे आहे ते वरून कळत नाही, आणि भरती समोरून एका रांगेत येत नाही. ती आधी मागच्या नाल्यांमध्ये भरते. तुम्ही कोरड्या कट्ट्यावर उभे असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

या पाण्याची ताकद किती, ते २२ जुलै १९६६ ला दिसलं. बार्मथहून खाडीतून सहलीचे प्रवासी घेऊन आलेली एक बोट पेनमाइनपूलच्या त्या लाकडी टोल पुलाच्या खांबावर आदळली आणि बुडाली. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. काठ हाकेच्या अंतरावर होता.

पायवाट भरावावर असल्यामुळे रोजच्या भरतीचा तिला त्रास नाही. मोठ्या पावसानंतर मात्र डॉल्गेथ्लायकडच्या सखल भागात नदीचं पाणी येऊ शकतं. दोन दिवस धो धो पडला असेल तर 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स'चे पुराचे इशारे पाहून निघा. वाटेवर पाणी वाहतं असेल तर किती खोल आहे हे पाय घालून मोजू नका. परत फिरा.

तो लाकडी पूल खरंच मजबूत आहे?

आहे. १८६७ मध्ये तो खुला झाला आणि अजून त्यावरून रोज ट्रेन जाते. १९८० मध्ये खांबांना पाण्यातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यानं भोकं पाडल्याचं आढळलं, तेव्हा काही महिने गाड्या थांबवून दुरुस्ती केली. अलीकडे २०२० ते २०२३ या काळात टप्प्याटप्प्यानं मोठं काम झालं, लाकूड बदललं, लोखंडी कमानींचा भागही नवा बसवला. त्या काळात पूल काही आठवडे सलग बंद असे, आणि ते न पाहता आलेले लोक मॉर्वा माउदाखला अडकत. म्हणून निघण्यापूर्वी पूल उघडा आहे का, हे दरवेळी पाहायचंच.

चालणाऱ्यांची वाट रुळांच्या शेजारून, मध्ये कुंपण. लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. उंचीची भीती असलेल्यांनी समोर बघत चालावं, पूल फार उंच नाही. ट्रेन आली की फळ्या थरथरतात. पहिल्यांदा काळजात धस्स होतं, नंतर मुलं दुसऱ्या ट्रेनची वाट पाहत बसतात. मधोमध थांबून मागे वळून पाहा, कॅडर इद्रिसची रांग इथून दिसते तशी वाटेवरून कुठूनच दिसत नाही.

समुद्राकडून वारा असेल तर तो या पुलावर आडवा लागतो. टोप्या उडतात. चष्मेही.

कागदी नकाशा लागतोच का?

या एका वाटेसाठी? नाही, वाट हरवत नाही. पण वेल्समध्ये दुसऱ्या दोन गावांमधली वाट स्वतः आखायची असेल तर हो, लागतोच.

ऑर्डनन्स सर्व्हेचे नारिंगी रंगाचे एक्सप्लोरर नकाशे घ्या, एकास पंचवीस हजार प्रमाणाचे. या भागाचा ओएल २३. त्यावर तुटक हिरव्या रेघा म्हणजे ज्यावरून चालण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे अशा वाटा. शेतातून जात असली तरी शेतमालक अडवू शकत नाही. काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट आहे एवढंच, हक्क आहेच असं नाही. या फरकामुळे लोकांचे अख्खे दिवस वाया जातात: काळ्या रेघेवर भरवसा ठेवून चालत गेले, पुढे कुलूप लावलेलं फाटक, आणि मग उरलेला मार्ग गाड्यांच्या रस्त्यानं.

नकाशा समोर ठेवून मी पेन्सिलीनं एकच गोष्ट शोधतो: वाट मोठ्या रस्त्याला कुठे कुठे लागते, आणि तिथे किती मीटर चालावं लागतं. तेवढे तुकडे मग उपग्रहचित्रात आणि रस्त्याच्या फोटोंत बघून घेतो. दोनशे मीटर बिनफुटपाथचा तुकडा कधी कधी अख्खा मार्ग बाद करतो.

वाटेवरच्या पाट्या वेल्शमध्ये असतात. काही शब्द सांगाल?

बहुतेक पाट्या दोन्ही भाषांत असतात. तरी: 'थ्लुइबर कहोएथिस' म्हणजे सार्वजनिक पायवाट, 'पेरिग्ल' म्हणजे धोका, 'आर गाय' म्हणजे बंद. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'आराव' दिसेल, तो ड्रायव्हरांसाठी 'हळू' आहे. खांबावरचा पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांचा, निळा घोडे आणि सायकलींनाही चालतो. 'दिओल्ख' म्हणजे आभारी आहे, तेवढा पाठ कराच. इथे दुकानात, बसमध्ये लोक आपसात वेल्शच बोलतात.

थोडासा रस्ता चालावाच लागला तर?

उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक. भारतातल्यासारखीच इथेही गाड्या डावीकडून चालतात, म्हणून नियम समजायला सोपा आहे. फक्त आपल्याकडे तो कुणी पाळत नाही. उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं तर आधीच, दोन्ही बाजूंचं दिसतंय तिथे, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला जा, वळण संपलं की परत या. अंगावर भडक रंग. संध्याकाळ असेल तर परावर्तक पट्टी. आईची गडद निळी शाल सुंदर आहे, पण ती सहाच्या अंधारात गाडीवाल्याला दिसत नाही.

कधी जावं? पावसाचं काय?

मे, जून आणि सप्टेंबर. शाळांना सुटी असते तेव्हा बार्मथ गजबजतं आणि खोल्या महाग होतात.

पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. एरीरी, म्हणजे पूर्वीचं स्नोडोनिया, हा इथला डोंगराळ प्रदेश ब्रिटनमधल्या सर्वांत ओल्या भागांपैकी एक. पण हा पाऊस आपल्यासारखा नाही. सह्याद्रीत जूनमध्ये भिजलं तरी मजा येते, कारण हवा गरम असते. इथे भिजलं आणि वारा सुटला की अर्ध्या तासात बोटं आखडतात, ऑगस्टमध्येसुद्धा. भिजणं म्हणजे गारठणं, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना आधी सांगा, ते ऐकत नाहीत तरी सांगा.

हिवाळ्यात मुख्य अडचण उजेडाची. डिसेंबरच्या शेवटी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये साडेनऊनंतर. हिवाळ्यात जाणार असाल तर निघायची वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजा आणि त्यात एक तास जास्त घाला.

बूट कुठले?

चांगले धावण्याचे बूट पुरतात. नवे कोरे बूट नकोत. पाण्याला न जुमानणारं जाकीट हवंच, छत्री नको. पुलावर ती उलटी होते आणि मग तुम्ही आणि छत्री दोघंही लोकांच्या फोटोत जाता.

खाण्यापिण्याची सोय?

दोन्ही गावांत आहे, मध्ये पेनमाइनपूल सोडलं तर नाही. तिथलं हॉटेल उघडं असेलच असं धरून चालू नका. पाणी माणशी लिटरभर. आम्ही धपाटे नेतो, सोबत लसणाची चटणी. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि मायक्रोवेव्ह लागत नाही. ज्याला मधुमेहाचा त्रास आहे त्याच्या स्वतःच्या खिशात साखरेचं काहीतरी हवं, दुसऱ्याच्या पिशवीत नको.

स्वच्छतागृहं डॉल्गेथ्लायच्या वाहनतळाशी आणि बार्मथमध्ये आहेत. निघण्याआधी वापरून घ्या, मधल्या जागांवर अवलंबून राहू नका.

गाई, मेंढ्या, कुत्री, किडे?

वाट बहुतांशी कुंपणातून जाते, त्यामुळे गुरांची गाठ क्वचित पडते. दुसरीकडे शेतातून जाणाऱ्या वाटांवर मात्र वासरू असलेल्या गाईपासून लांबून वळसा घ्या. गाय आणि वासरू यांच्या मध्ये कधीही शिरू नका. इथली गाय पोळी घेऊन जवळ जाण्यातली नाही. बरोबर कुत्रा असेल आणि गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या. तिला राग कुत्र्याचा असतो आणि कुत्रा तुमच्यापेक्षा वेगानं पळतो.

किड्यांमध्ये गोचीड लक्षात ठेवा. नेच्याच्या आणि उंच गवताच्या कडेला बसलं की पायाला चिकटते. तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. रात्री गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला तपासा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, निखारा यांतलं काही नको. नंतरच्या आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

कुणाला काही झालं तर?

९९९ किंवा ११२. खाडीत किंवा किनाऱ्यावर कुणी संकटात असेल तर 'कोस्टगार्ड' मागा. वाटेवर किंवा डोंगरात असाल तर 'पोलीस' मागून मग 'माउंटन रेस्क्यू' सांगा. हे बचावपथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि बिल पाठवत नाहीत, त्यामुळे "उगीच कशाला त्रास" म्हणून उशीर करू नका.

फोनची रेंज मध्ये मध्ये जाते. बोलणं जमत नसेल तेव्हा ९९९ ला मेसेज करता येतो, पण त्यासाठी ब्रिटनच्या सिमवरून आधी नोंदणी लागते: इंग्रजीत 'रजिस्टर' हा शब्द लिहून ९९९ ला पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. आजच, घरी बसून करा. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

आणि मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा: कुठून, कुठे, किती वाजेपर्यंत.

बाबागाडी किंवा व्हीलचेअर?

जाते. पायऱ्या नाहीत, भराव रुंद आहे. पुलाच्या फळ्यांवर मात्र चाकं खडखडतात, झोपलेलं बाळ उठतं.

आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केला आहे. हे फारच सपाट नाही का?

आहे. मग आर्थॉगहून डावीकडे चढून क्रेगेनन तळ्यांकडे जा. कॅडर इद्रिसच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरवर दोन तळी आहेत, वारा पडला की डोंगर जसाच्या तसा पाण्यात उतरतो. दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, हा जुना हिशोब सपाटीच्या वेळेत मिळवा. त्या दिवशी बूट, नकाशा आणि होकायंत्र सगळं लागेल. ढग खाली आला की नळीच्या वाटेचा अनुभव कामाला येत नाही, कारण तिथे निदान खाली-वर एवढंच ठरवायचं असतं.

बार्मथला लवकर पोचलो तर काय करावं?

पूल संपला की वाट थेट ए ४९६ वर निघते. दिवसभर गाड्या नसल्यामुळे माणूस बेसावध झालेला असतो, म्हणून इथे थांबा, मुलांना गोळा करा आणि मग कडेनं गावात उतरा. बंदरावर बसून चिप्स खा, पण कागद मांडीवर उघडा ठेवू नका. सीगल मागून येतात.

गावाच्या डोक्यावर जो खडकाळ, पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांनी भरलेला उतार दिसतो तो दिनास ओलाय. फॅनी टॅलबट या बाईंनी १८९५ मध्ये तो नॅशनल ट्रस्टला दिला. त्या संस्थेला मिळालेली ती पहिली जमीन. वरून खाडी आणि तुम्ही चालून आलेला पूल असं सगळं एकदम दिसतं. चढ खडा आहे. बाबांनी खालच्या बाकावर बसून "दिसलं, दिसलं" म्हटलं, आणि आम्ही तिघं वर गेलो.